लघुग्रह मुद्दाम पृथ्वीवर पाडता येईल का?

डिसेंबरात चाळकेवाडीच्या पठारावर आपण मिथुन राशीतला उल्कावर्षाव बघायला जमलो होतो. पवनचक्क्यांची घरघर चालू होती आणि थंडीनं सगळे घोंगड्यांत गुरफटले होते. मी सांगत होतो की बहुतेक उल्कावर्षाव धूमकेतूंच्या धुळीचे असतात, पण हा मात्र 1983 साली सापडलेल्या फेथॉन नावाच्या लघुग्रहाच्या चुऱ्याचा आहे. तेव्हा तू विचारलंस, "काका, हे आपोआप पडतं ते ठीक. पण एखाद्या देशानं ठरवून मोठा लघुग्रह पृथ्वीवर पाडायचा म्हटलं, तर जमेल का?"

"नाही जमणार," एवढं बोलून मी पुढच्या उल्केकडे बोट दाखवलं. तुला ते उत्तर पटलं नव्हतं, आणि पटायला नकोच होतं. मी तीस वर्षं कृत्रिम उपग्रहांच्या कक्षा मोजण्याचं आणि सुधारण्याचं काम केलं. असा प्रश्न दोन शब्दांत उडवून लावणं मला शोभत नाही. म्हणून आता नीट सांगतो.

तुझी शंका रास्त आहे आणि ती शास्त्रज्ञांनाही आली होती. 1994 साली कार्ल सेगन आणि स्टीव्हन ऑस्ट्रो यांनी 'नेचर' या नियतकालिकात हाच इशारा दिला होता. पृथ्वीकडे येणारा लघुग्रह बाजूला ढकलायची विद्या माणसानं मिळवली, तर त्याच विद्येनं बाजूनं जाणारा लघुग्रह पृथ्वीकडेही वळवता येईल, असं त्यांचं म्हणणं होतं. भौतिकशास्त्राच्या दृष्टीनं ते अगदी बरोबर आहे. ढकल इकडे दिला काय नि तिकडे दिला काय, न्यूटनच्या नियमांना फरक पडत नाही. माझं म्हणणं एवढंच, की ही गोष्ट नियमांवर अडत नाही, आकड्यांवर अडते. म्हणून आकड्यांतच जरा शिरू.

माणसानं आजवर एकदाच ठरवून एका खगोलाची वाट बदलली आहे. 26 सप्टेंबर 2022 ला नासाचं डार्ट हे यान डायमॉर्फस नावाच्या छोट्या लघुग्रहावर जाऊन आदळलं. डायमॉर्फस सुमारे 150 मीटर रुंदीचा आहे आणि डिडिमॉस या मोठ्या भावाभोवती फिरतो. आदळताना यानाचं वजन होतं साधारण 580 किलो आणि वेग सेकंदाला 6 किलोमीटरच्या वर, म्हणजे साताऱ्याहून कराडला आठ सेकंदांत. डायमॉर्फसचं वस्तुमान मात्र 43 लाख टनांच्या आसपास. हे प्रमाण डोळ्यांसमोर आणायचं तर गळीत हंगामात रस्त्यानं जाणारा, उसानं खच्चून भरलेल्या दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर घे. पंचवीस टन धर. त्याला धडकणारं डार्ट त्या हिशेबात साडेतीन ग्रॅमचं, म्हणजे चमचाभर साखरसुद्धा नाही.

तरीही परिणाम झाला. डिडिमॉसभोवतीची डायमॉर्फसची फेरी आधी 11 तास 55 मिनिटांची होती, ती 33 मिनिटांनी कमी झाली. ही मोठी कामगिरी होती. त्या रात्री मी झोपलो नाही, हेही सांगून टाकतो. पण वेगातला बदल किती झाला? सेकंदाला 2.7 मिलिमीटर. मुंगीसुद्धा याहून भरभर चालते. त्यातही बराचसा वाटा यानाच्या धडकेचा नव्हता. धडकेनं हजार टनांहून जास्त दगडमाती उलट दिशेला उडाली आणि बंदुकीचा दस्ता खांद्याला मागे रेटतो तसा तिनं लघुग्रहाला रेटा दिला. त्यामुळे एकूण ढकल साडेतीन पटींच्या वर गेला.

आता ही ताकद घेऊन पृथ्वीवर संकट आणायला निघू.

समज, डायमॉर्फसएवढाच एक दगड सूर्याभोवती एकटा फिरतो आहे आणि त्याला आपण डार्टसारखं एक यान धडकवलं. कक्षेच्या हिशेबात पुढच्या दिशेनं दिलेला छोटा ढकल दर फेरीला साठत जातो. साधारणपणे वेगातला बदल गुणिले वेळ, गुणिले तीन, एवढा तो दगड वेळापत्रकाच्या पुढेमागे सरकतो. दहा वर्षांत हा आकडा येतो अडीच हजार किलोमीटर. पृथ्वीची त्रिज्याच 6,371 किलोमीटर आहे. म्हणजे दहा वर्षं आधी धडक देऊनही तो दगड अर्ध्या त्रिज्येएवढासुद्धा सरकत नाही. मुळातच पृथ्वीला जवळजवळ घासून जाणारा दगड असेल, तरच ही धडक त्याला पृथ्वीवर आणू शकेल.

असे दगड असतात किती? 140 मीटरपेक्षा मोठे आणि ज्यांची कक्षा पृथ्वीच्या कक्षेपासून 75 लाख किलोमीटरच्या आत येते, त्यांना 'संभाव्य धोकादायक' म्हणतात. 75 लाख किलोमीटर! चंद्र आपल्यापासून पावणेचार लाखांच्या पुढे आहे, म्हणजे त्याच्या जवळजवळ वीस पट. अपोफिस नावाच्या लघुग्रहाएवढा, म्हणजे 340 मीटरच्या आसपासचा, काही कोटी टनांचा लघुग्रह 75 लाख किलोमीटरवरून जाणार असेल आणि त्याला दहा वर्षांत पृथ्वीवर आणायचा असेल, तर त्याच्या वेगात सेकंदाला आठ मीटरचा बदल हवा. मी गणित केलं. तीस-चाळीस हजार डार्ट लागतात. आजवर उडालेलं डार्ट एक.

आणि अंतर हा तर अर्धाच प्रश्न. रेल्वे फाटकावर अपघात व्हायचा तर दोन गोष्टी जुळाव्या लागतात. रस्ता आणि रूळ एकमेकांना छेदले पाहिजेत, आणि गाडी नि वाहन त्याच घटकेला तिथं पोचलं पाहिजे. लघुग्रहाला मागून-पुढून ढकललं की त्याची वेळ बदलते, पण त्याचा रूळ जर पृथ्वीच्या रस्त्याच्या वरून किंवा खालून जात असेल, तर वेळ कितीही बदला, गाठ पडत नाही. रूळच हलवायचा तर ढकल कितीतरी मोठा लागतो. शिवाय पृथ्वी सेकंदाला जवळजवळ 30 किलोमीटर धावते आणि सात मिनिटांत स्वतःच्या व्यासाएवढी पुढे जाते. दहा वर्षांनंतरची ती सात मिनिटं साधायची आहेत.

ज्यांनी प्रत्यक्ष इंजिनं पेटवून कक्षा बदलल्या आहेत, त्यांना यातली खरी अडचण लगेच कळते. आमच्या एका उपग्रहाला एकदा दिलेला ढकल हिशेबापेक्षा दीड टक्का कमी पडला होता. टाकीतला दाब, इंधनाचं तापमान, झडप उघडायला लागलेला क्षणाचा शतांश, यातलं काहीतरी. दुसऱ्या दिवशी आम्ही छोटा ढकल देऊन ती चूक निस्तरली. उपग्रह आमच्या हातात होता, आज्ञा ऐकत होता. लघुग्रह आज्ञा ऐकत नाही. डार्टची धडक होईपर्यंत ढकल मूळ धडकेएवढाच राहील की चार-पाच पट होईल, हे कुणीही छातीठोकपणे सांगू शकत नव्हतं, कारण आतला दगड घट्ट आहे की नुसता मुरमाचा ढीग, हे बाहेरून कळत नाही. पृथ्वीपासून दूर ढकलताना ही अनिश्चितता खपून जाते, कारण तेव्हा जास्त सरकला तरी चालतो. नेम धरून आणायचा असेल तर जास्तही चालत नाही आणि कमीही चालत नाही. सेगन यांनी जी सारखी दिसणारी दोन कामं सांगितली, ती इथं अगदी वेगळी होतात. वाचवणाऱ्याला निसर्गानंच नेम धरलेला दगड मिळतो आणि तो फक्त बिघडवायचा असतो. मारणाऱ्याला नेम स्वतः धरावा लागतो.

मग लहान दगड का नाही घ्यायचा, असं तू विचारशील. घेता येईल. 15 फेब्रुवारी 2013 ला रशियात चेल्याबिन्स्कवर जो दगड फुटला, तो 20 मीटरच्या आसपास आणि बारा-तेरा हजार टनांचा होता. तेवढ्या दगडाला डार्टसारखी धडक दिली तर कागदावर त्याचा वेग सेकंदाला मीटरभर बदलतो आणि दहा वर्षांत तो लाखो किलोमीटर सरकतो. पण एवढ्या लहान दगडाला एवढी धडक म्हणजे ढकल नव्हे, त्याचा चुराच व्हायची शक्यता जास्त. हळूहळू रेटून आणलाच, तरी चेल्याबिन्स्कमध्ये जे झालं तेवढंच होईल. खिडक्या फुटल्या आणि दीड हजारांच्या आसपास माणसं जखमी झाली, बहुतेक काचांनी. दुःखद आहेच, पण तो प्रलय नव्हे.

आणि प्रलय ज्याला म्हणायचं तो दगड? 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी मेक्सिकोच्या किनाऱ्यावर चिक्शुलूबला जो आदळला, तो सुमारे 10 किलोमीटरचा होता आणि त्यानं 180 किलोमीटर रुंदीचा खड्डा पाडला. अजिंक्यतारा ज्या काळ्या पाषाणावर उभा आहे, तो लाव्हाही साधारण त्याच काळात ओतला गेला आहे. त्या दगडाचं वस्तुमान लाख कोटी टनांच्या घरात जातं. त्याचा वेग सेकंदाला एक सेंटिमीटर बदलायला दहा लाखांहून जास्त डार्ट हवेत. म्हणून त्या रात्री मी "नाही जमणार" म्हटलं. जो दगड माणसाला हलवता येतो त्यानं प्रलय होत नाही, आणि ज्यानं प्रलय होतो तो माणसाला हलत नाही.

अणुबॉम्बचं विचारशील. लघुग्रहाजवळ स्फोट करून त्याचा पृष्ठभाग उडवला तर ढकल पुष्कळ मोठा मिळतो, हे खरं आहे. पण असा प्रयोग कधी झालेला नाही, 1963 च्या करारानं अवकाशात अणुस्फोट करायला बंदी घातली आहे आणि 1967 च्या करारानं अण्वस्त्रं अवकाशात ठेवायला. बरं, ज्याच्याकडे अणुबॉम्ब आहे, त्याला लघुग्रहाची गरज काय? जगात 12 हजारांच्या आसपास अण्वस्त्रं आहेत आणि क्षेपणास्त्र अर्ध्या तासात दुसऱ्या खंडावर पोचतं. लघुग्रहाला दहा-वीस वर्षं लागतील आणि त्या दहा-वीस वर्षांत सगळं जग तो बघत असेल.

ही बघण्याची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. लघुग्रहांची निरीक्षणं जगभरातून मायनर प्लॅनेट सेंटर या नोंदणी केंद्राकडे जातात आणि ती सगळ्यांना खुली असतात. मोजमाप किती बारीक आहे बघ. सूर्यप्रकाशानं तापलेला लघुग्रह फिरता फिरता ती उष्णता बाहेर टाकतो आणि त्या नगण्य रेट्यानं त्याची कक्षा सरकते. अपोफिसच्या बाबतीत हे सरकणं वर्षाला सुमारे 200 मीटर आहे, आणि तेही मोजलं गेलं आहे. उन्हाचा रेटा ज्यांना दिसतो, त्यांना कुणी चोरून दिलेला ढकल दिसणार नाही? आणि दिसला की दुसऱ्या देशांनी फक्त नेम बिघडवायचा, जे सोपं काम आहे.

इथवर तुला दिलासा दिला. पण तो पुरा नाही, आणि त्याचं कारण आपल्याच जिल्ह्यात आहे.

11 डिसेंबर 1967 ला पहाटे कोयनानगरला 6.3 तीव्रतेचा भूकंप झाला. मी तीन वर्षांचा होतो. आई सांगायची की आमच्या घरातल्या फडताळातली पितळी भांडी एकेक करून खाली आली आणि वडील मला गोधडीसकट उचलून अंगणात पळाले. दोनशेच्या आसपास माणसं गेली. शिवसागर जलाशय पाच-सहा वर्षांपूर्वी भरायला लागला होता, आणि आज जगभरच्या पुस्तकांत कोयनेचं नाव धरणाच्या पाण्यानं चालना मिळालेल्या भूकंपाचं ठळक उदाहरण म्हणून येतं. पाण्यात तेवढी ऊर्जा नव्हती. ऊर्जा खडकात आधीच साठलेली होती आणि भेग सरकायच्या बेतात होती. पाण्यानं तिला शेवटचा थोडासा रेटा दिला. ते कुणी मुद्दाम केलं नव्हतं. धरण विजेसाठी बांधलं होतं.

अवकाशातही अशा सरकायच्या बेतातल्या जागा आहेत. पृथ्वीजवळून जाताना लघुग्रहाची वाट आपल्या गुरुत्वाकर्षणानं वाकते. ती किती वाकणार हे तो नेमका कुठून गेला यावर ठरतं, आणि काही अरुंद फटी अशा असतात की त्यातून गेला तर काही वर्षांनी तो बरोबर पृथ्वीवरच परत येतो. अपोफिस 13 एप्रिल 2029 ला पृथ्वीच्या पृष्ठभागापासून सुमारे 32,000 किलोमीटरवरून जाणार आहे, दूरचित्रवाणीच्या उपग्रहांपेक्षाही जवळून. त्या वेळची एक फट अशी होती, जिच्यातून तो गेला असता तर 2036 साली आदळला असता. फट होती सुमारे 600 मीटर रुंद. मोजमापं सुधारत गेली तसा तो धोका संपला. 2021 च्या रडार निरीक्षणांनंतर पुढची निदान शंभर वर्षं अपोफिस आदळणार नाही, हे नक्की झालं आहे. पण मुद्दा लक्षात घे. जिथं निसर्गानं सगळी तयारी करून ठेवली आहे, तिथं माणसाचा छोटा ढकलही मोठा ठरू शकतो.

म्हणून मला वैऱ्यापेक्षा चांगल्या हेतूनं दिलेल्या ढकलाची काळजी जास्त वाटते. लघुग्रहावरून धातू किंवा पाणी आणायच्या गोष्टी चालू आहेत. आज आपण फार लहान आहोत. बेन्नू या लघुग्रहावरून 121.6 ग्रॅम माती आणायला सात वर्षं लागली. पण नासानंच एकदा लघुग्रहाचा तुकडा चंद्राभोवती आणून ठेवायची योजना आखली होती आणि 2017 साली ती सोडून दिली. उद्या कुणी ती पुन्हा हाती घेईल. आणि हुशार माणसांच्याही चुका होतात. 1999 साली मंगळाकडे गेलेलं एक यान केवळ एका गटानं ढकलाचे आकडे पौंडात आणि दुसऱ्यानं न्यूटनमध्ये धरले म्हणून नष्ट झालं.

दुसरी काळजी अर्ध्या ढकलाची आहे, आणि तिच्यात आपण थेट येतो. 27 डिसेंबर 2024 ला चिलीतल्या एका दुर्बिणीला 2024 वायआर4 नावाचा, सुमारे 60 मीटरचा लघुग्रह सापडला. 22 डिसेंबर 2032 ला तो आदळण्याची शक्यता फेब्रुवारी 2025 मध्ये 3.1 टक्क्यांपर्यंत चढली. नंतर मोजमापं वाढली आणि ती शक्यता पृथ्वीपुरती जवळजवळ शून्यावर आली. पण त्या दिवसांत नकाशावर धोक्याचा जो पट्टा काढला होता, तो प्रशांत महासागराच्या पूर्व भागापासून दक्षिण अमेरिकेचं उत्तर टोक, आफ्रिका, अरबी समुद्र असा येत मुंबईवरून पुढे कोलकाता-ढाक्याकडे जात होता.

असा दगड खरोखर येत असता आणि एखाद्या देशानं त्याला ढकललं असतं, तर तो एका झटक्यात पृथ्वीबाहेर गेला नसता. आदळण्याची जागा त्याच पट्ट्यावरून सरकत सरकत पृथ्वीच्या कडेकडे गेली असती. यान बिघडलं, ढकल निम्माच बसला, तर जो दगड समुद्रात पडणार होता तो शहरावर पडला असता. मग तो निसर्गानं पाडला म्हणायचा की माणसानं? तुझ्या प्रश्नाचं "हो, जमेल" असं उत्तर कुठं दडलेलं असेल, तर ते इथं. संयुक्त राष्ट्रांच्या शिफारशीवरून इशारा देणारं जाळं आणि अवकाशसंस्थांचा सल्लागार गट उभा राहिला आहे, पण ढकलायचं की नाही आणि कुठल्या बाजूला, हे ठरवण्याचा बांधील अधिकार त्यांच्याकडे नाही. ज्याच्याकडे अग्निबाण आहे तोच ठरवणार. ज्या देशांवरून तो पट्टा जाईल त्या सगळ्यांना त्या टेबलाशी जागा हवी आणि ढकलाचं गणित आधी उघड करायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

तिसरी गोष्ट थोडक्यात. 6 जून 2002 ला भूमध्य समुद्रावर एक लहानसा लघुग्रह हवेत फुटला. त्याची ताकद हिरोशिमाच्या बॉम्बपेक्षा जास्त होती. त्याच दिवसांत भारत-पाकिस्तानचं सैन्य सीमेवर समोरासमोर उभं होतं. अमेरिकी हवाई दलाचे अधिकारी सायमन वर्डन यांनी नंतर सांगितलं की हाच स्फोट काही तास आधी आपल्या सीमेवर झाला असता, तर तो अणुहल्ला समजला जाऊ शकला असता. दगड कुणी पाडला नसता, तरी पाडला असं वाटूनच युद्ध पेटलं असतं. मला विचारशील तर या सगळ्यात हीच शक्यता मला सर्वांत खरी वाटते. त्यावर उपाय फार महागडाही नाही. कुठं काय फुटलं हे ज्या देशांच्या उपग्रहांना दिसतं, त्यांनी ते काही मिनिटांत सगळ्यांना सांगायचं.

खाली उतरताना तू आणखी एक विचारलं होतंस, की वायआर4 मुंबईवर पडला असता तर साताऱ्याला काही झालं असतं का. तेव्हा गाडी सुटत होती, म्हणून राहून गेलं. 1908 साली सायबेरियात तुंगुस्काला साधारण तेवढाच दगड हवेत फुटला होता आणि दोन हजार चौरस किलोमीटरहून जास्त जंगल आडवं झालं. वर्तुळ काढलंस तर त्रिज्या येते पंचवीस-सव्वीस किलोमीटर. मुंबईपासून सातारा त्याच्या कितीतरी पट लांब आहे. आपल्या घराची काचसुद्धा बहुधा तडकली नसती. पण पाटण, जावळी, कोरेगाव, कुठल्याही गावात जा. कुणाचा भाऊ माथाडीत असतो, कुणाचा मुलगा बेस्टमध्ये, कुणाची मुलगी केईएममध्ये परिचारिका असते. गणेशोत्सवाला गाड्या भरभरून येतात त्या मुंबईहूनच.

येत्या 13 डिसेंबरला पुन्हा पठारावर जायचं आहे. वहीत डार्टचे आकडे उतरवून आण आणि लोणारचा खड्डा पाडणाऱ्या दगडासाठी हाच हिशेब करून बघ. खड्ड्याचा व्यास 1.8 किलोमीटर आहे. दगड किती मोठा धरायचा, इथूनच सुरुवात कर.